द्वारकाबाईच्या पायाशी

येळंबवाडीच्या ख्रिस्ती कबरस्तानात कोणाला कुठं आणि कसं निजवायचं, हे गेली चाळीसेक वर्षं कडूबाच्या शब्दावर चालत आलं आहे. पाळक येतात आणि जातात. जालन्याहून मोटारसायकलवर येऊन महिन्यातून दोनदा उपासना घेतात, बदली झाली की निरोप समारंभात नारळ घेतात आणि निघतात. पंच बदलले, सरपंच बदलले. जाफराबादच्या रस्त्यावरचे खड्डे तेवढे बदलले नाहीत आणि कडूबा बदलला नाही. चर्चच्या मंडळीत कोणी गेलं, की घरात रडारड सुरू व्हायच्या आत तो खांद्यावर टिकाव आणि हातात पहार घेऊन ओढ्याच्या दिशेने निघालेला असायचा.

काम बापाकडून आलेलं. बापाला अक्षरओळख नव्हती, पण एक गोष्ट त्याने पोराच्या डोक्यात पक्की बसवली होती. डोकं मावळतीला, पाय उगवतीला. प्रभू येणार तो उगवतीकडून येणार. त्याने हाक दिली की माणूस उठून बसेल, आणि बसल्या जागी त्याचं तोंड प्रभूच्या समोर असलं पाहिजे. "जल्मभर वाट पाह्यची अन् ऐन वक्ताला त्याच्याकडं पाठ? शोभतं का?" असं बाप म्हणायचा. कडूबाला ते इतकं पटलं, की पुढं लोक कितीही घाईत असले, आभाळ कितीही भरून आलेलं असलं, तरी त्याने खड्ड्याची दिशा केसभर हलू दिली नाही.

इथली काळी जमीन मोठी लहरी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात, की हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. पावसाळ्यात ती फुगते, फावड्याला चिकटून बसते आणि खड्ड्याची कड ढासळवते. दर पावसाळ्यानंतर कबरी खचायच्या, आणि कडूबा टोपल्याने मुरूम वाहून त्या पुन्हा भरून काढायचा. त्याला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ज्यांचे नातेवाईक पुण्याला जाऊन तिकडचेच झाले, त्यांच्याही कबरी तो भरायचा. एका हंगामात तो बायकोला घेऊन अंकुशनगरकडं ऊसतोडीला गेला होता, आणि नेमकी त्याच हंगामात वस्तीतली एक म्हातारी वारली. ज्यांनी खड्डा खांदला त्यांनी तो उथळ आणि तिरपा खांदला. परत आल्यावर ते पाहून कडूबा दोन दिवस जेवला नाही. त्यानंतर तो तोडीला गेला नाही, कल्याण नावाचा मुलगा शहरात बोलवत राहिला तरी तिकडंही गेला नाही. गावातच कापूस वेचला, सोयाबीन काढली, पोटाला चिमटा घेतला. लोक म्हणाले, येडा आहे. असेलही.

येडेपणाचा आणखी एक पुरावा त्याच्या घरच्या ओट्यावर रोज मिळायचा. दिवस उगवायच्या आधी उठून हा गृहस्थ उगवतीकडं तोंड करून बसायचा. त्याची बायको द्वारकाबाई चूल पेटवता पेटवता आतून विचारायची, "आला का?"

"न्हाई अजून."

"मंग चहा घ्या."

थट्टाच ती. पण कप खाली ठेवताना द्वारकाबाई स्वतःही एकदा शेतांच्या पलीकडं नजर टाकून घ्यायची. हे पहिल्यांदा कळलं की हसू येतं, आणि मग हसता हसता अंगावर काटा येतो. तुम्ही आम्ही सकाळी उठून दूधवाल्याची वाट पाहतो, एसटीची पाहतो, लेकराच्या फोनची पाहतो. हा माणूस जगाच्या शेवटाची वाट पाहत होता, आणि तीही कशी, तर भोकरदनहून पाहुणा यायचा आहे, फार तर जीप चुकली असेल, अशा हिशेबाने.

कबरस्तानाच्या पूर्वेला लागून भुजंगचं शेत. भुजंग म्हणजे गावातला मराठा शेतकरी, कडूबाच्या वयाचा, जिभेला हाड नसलेला. पेरणीच्या दिवसांत बांधावर उभा राहून तो हमखास विचारायचा, "कडूबा, मी पेरतो ते चार महिन्यांत उगवतं. तू इतकी माणसं पेरून राह्यला, तुझं कधी उगवायचं?" कडूबा घाम पुसत म्हणायचा, की माझं पीक सगळं एकाच दिवशी येणार आहे, तेव्हा तू तुझ्या बांधावरच उभा राहा, पाहायला मिळेल. भुजंग हसायचा. एकदा मात्र हसून झाल्यावर तो बराच वेळ त्या कबरींकडं बघत राहिला आणि तिफण तशीच सोडून घरी गेला.

आता द्वारकाबाईचं सांगायला हवं.

ती गेली श्रावणात. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. पाऊस असा कोसळत होता, की कबरस्तानाच्या फाटकासमोरचा ओढा दुथडी भरून वाहत होता. कडूबाला कोणी खांदू दिलं नाही. तो तिच्या उशाशी बसून राहिला, आणि भुजंगने आपली माणसं लावून खड्डा काढला. दिशा चोख ठेवली, इतकी वर्षं बांधावरून पाहून त्यालाही ती पाठ झाली होती. पण ओढ्यातून पेटी न्यायची कशी? तेव्हा भुजंगच म्हणाला, माझ्या शेतातून चला. उभ्या कपाशीत त्याने वाट करून दिली, गुडघाभर चिखलातून लोकांनी पेटी वाहिली, दोर लावून खाली सोडली, मूठमूठ माती टाकली. पाळक सोमेश्वर, तेव्हा नुकतेच आलेले, छत्रीखाली उभे राहून प्रार्थना करत होते. सगळं रीतसर झालं असं सगळ्यांनाच वाटलं.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. कडूबा लाकडी क्रूस घेऊन नेहमीच्या फाटकाने आत शिरला, आणि चार पावलं टाकल्यावर जागच्या जागी थबकला.

फाटक मावळतीला आहे. प्रेत नेताना पाय पुढं धरायचे, ही रीत. फाटकातून आलेली पेटी उगवतीकडं चालत जाते आणि तशीच खाली सोडली, की आपोआप पाय उगवतीला होतात. इतक्या वर्षांत कोणाला विचार करावा लागला नव्हता. त्या दिवशी मात्र ते भुजंगच्या शेतातून, म्हणजे उगवतीकडून आले होते. पाय पुढं. आणि तशीच सोडली होती. म्हणजे द्वारकाबाईचं डोकं उगवतीला गेलं होतं. ज्या सकाळी ती उठून बसेल, त्या सकाळी तिची पाठ प्रभूकडं असणार होती.

कडूबा तिथं चिखलात बसला. सगळ्या मंडळीला त्याने सरळ निजवलं होतं. परक्यांना, भांडखोरांना, वर्षभर ज्यांनी चर्चचं तोंड पाहिलं नाही त्यांनासुद्धा. आणि त्याची स्वतःची बायको उलटी निजली होती.

सोमेश्वर पाळकांनी त्याची समजूत काढली. जो मातीतून माणूस उठवतो, त्याला त्याचं तोंड फिरवणं जड आहे का, असं ते म्हणाले. कडूबाला ते समजलं. डोक्याला समजलं, काळजाला नाही. पाळक म्हणाले, तुमच्या मनाला लागलं असेल तर परवानगी काढू, उघडू. तेव्हा मात्र तो ताठ झाला. निजलेल्याला उठवायचा हक्क एकाचाच आहे, म्हणाला. त्याने तिचा क्रूस तिच्या खऱ्या उशाला, उगवतीच्या बाजूला रोवला. बाकी सगळे क्रूस मावळतीला, हा एकटा उलटा. कोणी विचारलं की तो काही न लपवता सांगायचा, "आमची चुकी झाली."

त्यानंतर तो देवावर रुसला असता, तर कोणी त्याला नाव ठेवलं नसतं. जालन्याचा एक भाऊबंद तर तोंडावर म्हणाला, की इतकी वर्षं चाकरी केलीस आणि धन्याने तुझ्या बायकोची एवढी काळजी घेतली नाही. कडूबा त्याला म्हणाला, चुकलो मी, धन्याला काहून बोलतो? आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ओट्यावर. आता आतून कोणी विचारणारं नव्हतं. चहा स्वतःच करायचा, आणि दिवस वर आला की उठून कामाला लागायचं. मला या माणसाचं सगळ्यात जास्त नवल वाटतं ते इथं. मोठ्या संकटात श्रद्धा टिकते, लोक बघायला असतात. रिकाम्या घरात, रोज, वाट पाहत राहणं हे माणसाच्या आवाक्यातलं काम वाटत नाही.

मग करोना आला. मंडळीचे पंच राजानंद गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, यांची आई बेबीनंदाबाई जालन्याच्या दवाखान्यात वारली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणली होती. घरच्यांना जवळ येऊ देत नव्हते, राजानंद रस्त्यावर उभा होता. त्याच्या वडिलांच्या उशाला एक जागा मोकळी होती. आईला तिथं ठेवा, असं त्याने लांबूनच हात जोडून सांगितलं. पण कबरस्तानात रांग आहे, आणि रांगेचा नियम कडूबाचाच. जो जसा जाईल तसा पुढच्या जागेत जाईल, मग तो पाटलाचा असो की मजुराचा. नाहीतर मेल्यावरही मोक्याच्या जागा पैसेवाल्यांच्या होतील. रांग मोडायची नाही, म्हणत कडूबाने नकाराची मान हलवली, आणि बेबीनंदाबाईला रांगेतच पुरलं. गाडीवाले घाई करत होते. त्या गुंडाळीत डोकं कुठलं आणि पाय कुठले हे दिसत नव्हतं, तेव्हा कडूबाने सगळ्यांच्या देखत उघड्या हाताने चाचपून तिचे पाय शोधले आणि ते उगवतीला केले. गाडीवाले ओरडले. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. राजानंदने ते पाहिलं होतं की नाही कोण जाणे. त्याच्या मनात राहिला तो नकार. त्यानंतर तो कडूबाला सलाम करायचा, पण थांबायचा नाही.

गेल्या वर्षीच्या वादळात द्वारकाबाईच्या पायाकडची जुनी बाभूळ उन्मळून पडली. लाकूड लोकांनी नेलं, बुंध्याचा खड्डा कडूबाने भरला, आणि तिथं एका माणसापुरती जागा मोकळी झाली. त्या जागेकडं पाहत तो कितीतरी दिवस नुसता उभा राहायचा. भुजंग बांधावरून हटकायचा, पण याने उत्तर द्यायचं सोडलं. इकडं त्याचा दम वाढत चालला होता. जालन्याच्या डॉक्टरांनी छातीचे फोटो काढून कल्याणला बाजूला नेलं, आणि कडूबाला काय ते कळलं.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी उपासना झाल्यावर पंच बसले, तेव्हा तो उभा राहिला. आयुष्यात त्याने मंडळीकडं काही मागितलं नव्हतं. भिंतीला हात टेकून, मध्येमध्ये दम खात तो बोलला.

"मला रांगेत नका टाकू. द्वारकाच्या पायाशी जागा द्या. डोकं मावळतीला, पाय उगवतीला, बराबर सगळ्यायचं हाये तसंच. ती उठंन तवा तिचं तोंड मावळतीला राहीन. तिला तो दिसनार न्हाई. मी दिसंन. माझ्या तोंडावर त्याचा उजेड पडलेला राहीन. तो पाहून ती मागं वळंन."

सोमेश्वर पाळकांनी मान खाली घातली. एका बाईने पदर तोंडाला लावला. त्या माणसाने वर्षानुवर्षं एक चूक उरात वागवली होती, आणि ती दुरुस्त करायला त्याला आपलं मरण कामाला आलं होतं. असा विचार सुचायला किती पहाटा ओट्यावर काढाव्या लागत असतील, ते मला सांगता येत नाही.

बोलला तो राजानंद. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द सावकाश आला. "तात्या, माझ्या आईची येळ आल्ती तवा बापाच्या उशाला जागा होती. मी रस्त्यावरून हात जोडले. तुम्ही म्हनले, रांग मोडायची न्हाई. आज तुमच्या घरचं आलं, तर मोडायची?"

खरं होतं ते. राजानंद काही दुष्ट माणूस नाही. आईला शेवटचं पाणीसुद्धा देता आलं नाही, हे दुखणं त्याच्याही उरात होतं, आणि त्याचं बोलणं न्यायाचं होतं. कडूबाने त्याच्याकडं पाहिलं. त्या दिवशी हा रस्त्यावर उभा राहून नेमकं काय मागत होता, ते त्याला बहुधा आत्ता कळलं.

"बराबर हाये तुझं," तो म्हणाला. "तुझ्या मायच्या येळंला मी दगड झाल्तो. मला रांगेतच टाका." आणि तो खाली बसला. पंचांनी पुढचा विषय घेतला.

भुजंगला हे कळलं तेव्हा तो तावातावाने आला आणि माझ्या शेतातली पट्टी घे, मी लिहून देतो, म्हणाला. कडूबाने त्याला सांगितलं, की बाबा, तुझं शेत तिच्या उशाकडं आहे, मला पायाकडं हवं होतं. भुजंग कपाळावर हात मारून बसला. देवाने त्याला जमीन दिली ती नेमकी चुकीच्या बाजूला.

ईस्टरच्या पहाटे येळंबवाडीची मंडळी गात गात कबरस्तानात जाते. प्रत्येक कबरीला आदल्या दिवशी चुना लावलेला असतो, आणि प्रत्येक कबरीवर मेणबत्ती लावतात. दरसाल चुना लावायचं काम कडूबाचं. यंदा त्याच्याने निम्म्या कबरी झाल्या, उरलेल्या बायकांनी केल्या, आणि चुन्याचा डबा तिथंच कुंपणाशी राहिला. पहाटे तो सगळ्यांच्या मागून, थांबत थांबत आला. पाळकांनी रिकाम्या कबरीचं शुभवर्तमान वाचलं. मग जो तो आपापल्या माणसांकडं पांगला. कडूबाने द्वारकाबाईच्या उशाला मेणबत्ती लावली, आणि परत फिरताना त्याला दम लागला. इकडं तिकडं पाहून तो तिच्या पायाशी, बाभळीच्या मोकळ्या जागेत, उगवतीकडं तोंड करून खाली बसला. त्याच्या मनात काही नव्हतं. बसायला तीच जागा जवळ होती.

ज्यांचे नातेवाईक गावात नाहीत, त्यांच्या मेणबत्त्या पंच म्हणून राजानंद बघत होता. द्वारकाबाईची मेणबत्ती वाऱ्याने विझलेली दिसली, म्हणून तो तिथं आला. उगवतीकडं पाठ करून तो क्रूसाजवळ वाकला, काडी ओढली, वात पेटवली आणि सरळ झाला.

तेवढ्यात भुजंगच्या नांगरलेल्या शेतावर सूर्य वर आला.

कडूबाचे डोळे दिपले. समोर त्याला नुसता उजेड दिसत होता आणि त्यात राजानंदची काळी आकृती. आकृती हलत नव्हती. राजानंद त्याच्या तोंडाकडं पाहत होता. सत्तरी ओलांडलेलं, दाढीचे खुंट वाढलेलं ते तोंड, त्या क्षणी असं उजळून निघालं होतं, की राजानंदच्या हातातली काडी जळत बोटापर्यंत आली तरी त्याला कळलं नाही. काडी पडली. आणि मग, कोणी हाक मारली नव्हती, कोणी काही म्हणालं नव्हतं, राजानंद हळूहळू मागं वळला. हा इतका उजळलाय तो कशाने, हे पाहायला तो वळला होता.

कडूबाने त्याची पाठ पाहिली. त्याने हे फक्त मनाशी रचलं होतं, आणि आता डोळ्यांदेखत घडलं होतं. असंच होणार. अगदी असंच. द्वारकाला सांगावं लागणार नाही, ओरडावं लागणार नाही. तो रडू लागला आणि त्याने डोळे पुसले नाहीत, कारण त्याला उजेडासमोरून तोंड हलवायचं नव्हतं.

राजानंद पुष्कळ वेळ तिकडं तोंड करून उभा राहिला. नंतर तो कुंपणापाशी गेला आणि चुन्याचा डबा घेऊन आला.

"तात्या, जरा उठा," राजानंद म्हणाला. "जागेची रेघ मारू द्या."

कडूबाला काही उठवेना. राजानंदने त्याला पुन्हा सांगितलं नाही. तो बसलेला असतानाच, डोकं मावळतीला आणि पाय उगवतीला धरून, राजानंदने त्याच्याभोवती चुन्याची रेघ ओढली.